उलटा हात की सुलटा हात? डबल बासच्या पहिल्या बोची गोष्ट

नेहमीप्रमाणे ही एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलताना आलेले 'अं... म्हणजे' तेवढे काढून टाकलेत, बाकी आहे तसंच ठेवलंय.

आज विषय थोडा घरचा आहे. तुमच्यापैकी काहींना माहितीये, नोकरीसाठी जर्मनीत आल्यावर मी डबल बास शिकायला लागलो. व्हायोलिनच्या खानदानातला तो सगळ्यात थोरला, माणसापेक्षा उंच, उभं राहून वाजवायचा भाऊ. कॉलेजात बास गिटार वाजवायचो, त्यामुळे डाव्या हाताची भीती नव्हती. घोळ झाला उजव्या हाताचा, म्हणजे बोचा. आपल्याकडे सारंगीच्या बोला गज म्हणतात, तोच प्रकार. ऑनलाइन व्हिडिओ बघून, दोनशे युरो मोजून एक बो मागवला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "एवढ्या मोठ्या वाद्याला एवढीशी काठी?" बरोबर आहे तिचं. बासचा बो व्हायोलिनच्या बोपेक्षा आखूड असतो, पण जाड आणि वजनाला दुपटीच्या आसपास.

पहिल्या क्लासला सरांनी पेटी उघडली, बो बघितला आणि एवढंच म्हणाले, "अच्छा, फ्रेंच." कोणीतरी चुकून शेजारच्यांची चप्पल घालून यावं तसा त्यांचा चेहरा!

तर डबल बासला दोन प्रकारचे बो आहेत आणि ते धरायच्या पद्धती पूर्ण वेगळ्या आहेत. फ्रेंच बो व्हायोलिनसारखा वरून धरतात, तळवा जमिनीकडे. जर्मन बो मागून आणि खालून धरतात, साधारण करवत धरावी तसा. काठीचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, अंगठा वर, करंगळी खाली. जिथे हात बसतो तो लाकडी ठोकळा, म्हणजे फ्रॉग, जर्मन बोला उंच असतो, फ्रेंचला बुटका. एकाचा बो दुसऱ्याच्या पद्धतीने धरता येत नाही असं नाही, पण कोणी धरत नाही. म्हणजे पहिला बो घेतानाच तुम्ही पुढच्या कित्येक वर्षांची सवय विकत घेता.

इंजिनियर माणूस, त्यामुळे माझा पहिला प्रश्न हाच: यातलं चांगलं कुठलं? उत्तर शोधायला गेलो आणि इतिहासात अडकलो.

खालून धरायची पद्धत जुनी. व्हिओला दा गांबा नावाचं, पायांत धरून वाजवायचं एक वाद्य युरोपात होतं, त्याचा बो तळवा वर करून धरत. आपली सारंगी आठवा. तिचाही गज खालूनच धरतात, आणि त्याच मैफिलीत व्हायोलिन असेल तर त्याचा हात मात्र वरून. दोन्ही पद्धती आपण लहानपणापासून बघतो, फक्त तिकडे लक्ष जात नाही.

आता व्हेनिसला जाऊ. डोमेनिको ड्रॅगोनेटी, जन्म १७६३. बास म्हणजे मागे उभं राहून घुमघुम करणारं वाद्य, हा समज या माणसाने मोडला. १७९४ मध्ये तो लंडनला गेला आणि तिथेच नाव, पैसा, सगळं कमावलं. बाहुल्या जमवायचा भारी नाद होता त्याला, हे जाता जाता. १७९९ मध्ये तो व्हिएन्नात बेथोव्हेनला भेटला आणि बेथोव्हेनचाच चेलोसाठी लिहिलेला सोनाटा त्याने बासवर वाजवून दाखवला. पियानोवर स्वतः बेथोव्हेन. शेवटी बेथोव्हेनने उठून वादकाला आणि बासला, दोघांना एकत्रच मिठी मारली असं सांगतात. १८४५ मध्ये बॉनला बेथोव्हेनच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हाही बासवाल्यांच्या पुढे हाच, वय ८२!

ड्रॅगोनेटीचा बो बघितलात तर हसाल. धनुष्यासारखा बाहेर वाकलेला, आणि धरायचा खालून. तोवर पॅरिसमध्ये फ्रान्स्वा तूर्तने व्हायोलिनच्या बोचा कायापालट केला होता: काठीचा बाक आतल्या बाजूला, वजनाचा नेमका तोल. हा तूर्त आधी घड्याळाच्या कामात शिकलेला, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. पण जग बदललं तरी ड्रॅगोनेटीने आपला बो सोडला नाही. आणि तो इतका मोठा होता की त्याच्या मृत्यूनंतरही इंग्लंडमध्ये कितीतरी वर्षं लोक तसलाच बो वापरत राहिले. लेगसी कोड म्हणतात तो हाच.

मग आला जोवान्नी बोत्तेसिनी, जन्म १८२१, गाव क्रेमा. १८३५ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयात जायचं होतं, पण शिष्यवृत्तीच्या दोनच जागा शिल्लक होत्या: बसून आणि डबल बास. मुलगा व्हायोलिन शिकलेला. थोड्या दिवसांत बासची तयारी केली आणि जागा मिळवली. हाच पुढे 'बासचा पागानिनी' म्हणून गाजला. १८७१ मध्ये कैरोत वेर्दीच्या 'आयदा'चा पहिला प्रयोग झाला, तोही यानेच कंडक्ट केला. बोत्तेसिनीचा बो चेलोच्या बोसारखा, धरायचा वरून. मला वाटतं यात नवल काही नाही. हात व्हायोलिनवर तयार झालेला, तो वरूनच जाणार! फ्रान्स, इटलीकडे हीच पद्धत पक्की झाली.

तिकडे बोहेमियात १८४० मध्ये फ्रान्झ सिमांडल जन्मला. प्रागमध्ये शिकला, व्हिएन्नात दरबारी ऑपेरात वाजवला आणि तिथल्या संगीत विद्यालयात सुमारे चाळीस वर्षं शिकवलं. त्याचं शिकवणीचं पुस्तक आजही जगभर वापरतात, माझ्या स्टँडवरही तेच आहे. त्याचा हात खालून. व्हिएन्ना, प्राग, जर्मनी या पट्ट्यात म्हणून आजही 'जर्मन' बो. अमेरिकेत दोन्हीकडचे गुरू पोचले, त्यामुळे तिथे एकाच ऑर्केस्ट्रात शेजारी शेजारी दोन्ही हात दिसतात, आणि आवाज एकच येतो.

हे एवढं वाचल्यावर माझ्या 'चांगलं कुठलं'ची हवाच गेली. लोक सांगतात की जर्मनने जाड तारेवर जोर सहज लागतो, फ्रेंचने चपळाई येते. सुरुवातीला थोडं जाणवतंही. पण एडगर मायर ऐका. झाकीर हुसेन, बेला फ्लेक आणि आपल्या राकेश चौरसियांबरोबर 'अ‍ॅज वी स्पीक' केलेला. त्याच्याइतका चपळ बासवाला शोधून सापडणार नाही, आणि तो वाजवतो जर्मन बोने. आपल्या भाषेत सांगायचं तर हे घराणं आहे. गुरूचा हात जसा, तसा शिष्याचा.

माझ्या बाबतीत अजून एक भानगड होती: मनगट. दिवसभर कीबोर्ड, त्यामुळे उजवं मनगट आधीच कुरकुरतं. सर म्हणाले, "वाद नको घालू, माझा जुना बो दोन आठवडे घेऊन जा." पहिले चार दिवस हात लाकडासारखा. दहाव्या दिवशी खालची ई तार लांबलचक वाजवली, खिडकीची काच थरथरली, आणि लक्षात आलं की मनगट दुखत नाहीये. सरांनी यावर भाव खाल्ला नाही. म्हणाले, "कुणाचं फ्रेंचने थांबतं. तुझं यामुळे थांबलं."

मग दुकानात नेलं. फ्रॉगकडून एक डोळा मिटून काठीवरून नजर टाकायची, बंदुकीचा नेम धरल्यासारखी. काठी डावी-उजवीकडे गेली तर परत ठेवायची. केस ताणल्यावर पुन्हा बघायचं, कारण काही काठ्या ताणल्यावरच पीळ खातात. आणि जोरात नाही, अगदी हळू वाजवून बघायचं. जोरात सगळेच बो बरे वाटतात.

तिथे एक पर्नांबुकोचा बो होता. किंमत विचारली आणि हळूच परत ठेवला. तूर्तच्या काळापासून उत्तम बो या ब्राझीलच्या लाकडाचे. झाड इतकं तोडलं गेलं की २००७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. गंमत नावाची आहे. 'ब्राझील' हे आधी पूर्वेकडून युरोपात जाणाऱ्या लाल रंगाच्या लाकडाचं नाव, म्हणजे आपला पतंग, ज्याने केरळातल्या हॉटेलात पाणी गुलाबी होतं. पोर्तुगीजांना तसंच झाड पलीकडच्या किनाऱ्यावर सापडलं आणि अख्ख्या देशाला लाकडाचं नाव पडलं. स्वस्त बोवर 'ब्राझीलवुड' लिहिलेलं असतं, ते मात्र बऱ्याचदा तिसरंच काहीतरी लाकूड.

मी कार्बन फायबरचा घेतला. जर्मन. काळ्या केसांचा, जरा खरखरीत. पर्नांबुकोवाल्या बोकडे दुकानातून निघताना एकदा वळून बघितलं, खोटं कशाला बोलू?

फ्रेंच बो अजून कपाटावर आहे. विकायला काढला होता, फोटोही काढले, पण जाहिरात टाकली नाही. पुढेमागे मुंबईत परत आलो आणि तिथले गुरू बोत्तेसिनीच्या घराण्यातले निघाले तर?

पुढच्या एपिसोडमध्ये बोला लावायच्या राळेची गोष्ट. मेच्या उन्हात ती डबीत वितळून कशी बसते, हे पुण्याला आलो होतो तेव्हा माझ्या बॅगेने शिकवलंय. भेटू!