बीज कोणाचें, क्षेत्र कोणाचें?

पनवेलच्या खाचरांत पिढ्यान्‌पिढ्या भात पिकला. बीं रुजते तें जमिनींत, हें नित्य पाहणाऱ्या समाजानें मनुष्यजन्मालाही तोच दृष्टांत लावला : पुरुष बीज, स्त्री केवळ क्षेत्र. विज्ञानाच्या इतिहासानें हा दृष्टांत मोडीत काढला.

१८७४ सालीं बाझेल येथें फ्रीडरिख मीशर यांनीं सॅमन माशाच्या रेतांतील ‘प्रोटामीन’ ओळखलें. १८७५ सालीं ऑस्कार हर्टविग यांनीं एका काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांत दोन केंद्रकांचा संगम पाहिला. पुढें उलगडा झाला तो असा : पित्याचें डी. एन. ए. प्रोटामीननें घट्ट आवळलेलें येतें. अंडें तें सोडवतें, आपल्या सांठ्यांतील हिस्टोन प्रथिनांवर नव्यानें गुंडाळतें, आणि त्यावरील पुष्कळशा जुन्या रासायनिक खुणा पुसतें. कांहीं खुणा मात्र टिकतात. म्हणूनच केवळ पित्याच्या किंवा केवळ मातेच्या सूत्रांवर उंदराचा गर्भ पूर्ण वाढत नाहीं, असें १९८४ सालच्या प्रयोगांत दिसलें.

६ ऑगस्ट १९८६ रोजीं पनवेलनजीकच्या मुंबईंत, के. ई. एम. रुग्णालयांत, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं शरीराबाहेर फलित झालेल्या अंड्यांतून कन्या जन्मली. कांचेच्या त्या बशींत क्षेत्र नव्हतेंच. तरी पित्याचें सूत्र उलगडलें गेलें, तें मातेच्या अंड्याकडूनच. जिला केवळ क्षेत्र म्हटलें, तीही बीजच होती.