झान्से स्खान्स : पवनचक्क्यांच्या गावाची एकदिवसीय भेट आणि औद्योगिक वारशाचे आकलन

प्रस्तावना

नेदरलँड्स म्हटले की पवनचक्की, कालवा आणि हिरवे कुरण असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ॲमस्टरडॅमच्या वायव्येस, झान नदीच्या काठी वसलेले 'झान्से स्खान्स' हे गाव या चित्राचे मूर्त रूप मानले जाते. हिरव्या रंगाची लाकडी घरे, नदीकाठी ओळीने उभ्या असलेल्या चक्क्या आणि अरुंद पूल पाहून येणारा प्रवासी एखादे जुने शेतकरी खेडे पाहिल्याच्या समाधानात परत जातो. मात्र हा समज इतिहासाशी जुळत नाही. झान नदीचा परिसर हा शेतीचा नव्हे, तर कारखानदारीचा प्रदेश होता, आणि आज दिसणारे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाणीवपूर्वक रचण्यात आले आहे. या दोन गोष्टी ध्यानात ठेवून एका दिवसाच्या भेटीची आखणी केली, तर तीच भेट इतिहासाचा धडा ठरू शकते. प्रस्तुत लेखात या गावाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, जतनाची प्रक्रिया, भेटीची मांडणी आणि पर्यटनातून उद्भवलेले प्रश्न यांचा क्रमाने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

'स्खान्स' या शब्दाचा अर्थ तटबंदी किंवा मोर्चा असा आहे. स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या ऐंशी वर्षांच्या युद्धात, १५७४ मध्ये, डीडरिक सोनॉय या सेनानीने या भागात मोर्चा उभारला होता. गावाचे नाव त्यावरून आले. म्हणजे नावाचे मूळ चक्क्यांत नसून युद्धात आहे.

या प्रदेशाच्या उत्कर्षाचे मूळ एका यांत्रिक शोधात सापडते. कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन या आउटखीस्ट येथील कारागिराला १५९३ मध्ये वाऱ्यावर चालणाऱ्या करवतीच्या चक्कीचे एकाधिकारपत्र मिळाले. पवनचक्की तोपर्यंत प्रामुख्याने धान्य दळण्यासाठी व पाणी उपसण्यासाठी वापरली जात असे. या दोन्ही कामांना चक्राकार गती पुरेशी होती. करवतीला मात्र वर-खाली गती लागते. कॉर्नेलिसझोनने वाकवलेल्या आसाचा, म्हणजे क्रँकशाफ्टचा, उपयोग करून पात्यांची चक्राकार गती करवतीच्या वर-खाली गतीत रूपांतरित केली. साठ ओंडके हाताने कापण्यास सुमारे १२० दिवस लागत, ते काम चक्कीवर चार-पाच दिवसांत होई, असा अंदाज नेहमी दिला जातो.

या यंत्राला ॲमस्टरडॅममधील हातकरवत चालवणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीने विरोध केला. झानचा परिसर या श्रेणीच्या अधिकारक्षेत्राबाहेर होता; तेथे जमीन स्वस्त होती, वारा मोकळा होता आणि जलमार्गाने बाल्टिक प्रदेश, नॉर्वे व ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून लाकूड आणणे सोयीचे होते. परिणामी लाकूडकटाई आणि जहाजबांधणी या दोन्ही व्यवसायांनी येथे मूळ धरले. अठराव्या शतकातील भरभराटीच्या काळात या छोट्या पट्ट्यात एकाच वेळी सुमारे ६०० चक्क्या फिरत होत्या. लाकडाबरोबरच तेल, कागद, रंग, मोहरी, तंबाखूची पूड आणि सोललेले जव व तांदूळ असा विविध माल येथे तयार होई. झान परिसराचा उल्लेख युरोपातील सर्वांत जुन्या औद्योगिक प्रदेशांपैकी एक असा केला जातो, तो या कारणाने.

या उत्पादनाचा कच्चा माल केवळ युरोपातून येत नव्हता. रंगाच्या चक्क्यांत दळले जाणारे रंगीत लाकूड ब्राझीलमधून येई. हेच लाकूड किसण्याचे काम ॲमस्टरडॅमच्या 'रास्पहाउस' या १५९६ मध्ये स्थापन झालेल्या तुरुंगात कैद्यांकडून करून घेतले जाई. चक्कीचा वारा आणि कैद्याचा हात ही एकाच व्यापाराची दोन साधने होती. महाराष्ट्राच्या अभ्यासकाला डचांचा परिचय वेंगुर्ल्याच्या सतराव्या शतकातील वखारीमुळे आहे. ती वखार चालवणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजबांधणीमागे जी लाकूडव्यवस्था उभी होती, तिचे एक प्रमुख केंद्र झान नदीच्या काठी होते.

१६९७ च्या ऑगस्टमध्ये रशियाचा झार पीटर जहाजबांधणी शिकण्याच्या हेतूने, आपली ओळख लपवून, झानडाम येथे आला व खेरिट किस्ट या लोहाराच्या छोट्या लाकडी घरात राहिला. ओळख उघडी पडताच बघ्यांची एवढी गर्दी झाली की सुमारे आठवड्याभरातच तो ॲमस्टरडॅमला निघून गेला. पुढे ते घरच प्रेक्षणीय स्थळ बनले. १८११ मध्ये नेपोलियननेही त्याला भेट दिली.

ऱ्हास आणि जतन

एकोणिसाव्या शतकात वाफेच्या यंत्राने वाऱ्याची जागा घेतली. वारा पडला की चक्की थांबे. बाष्पयंत्राला तशी अडचण नव्हती. चक्क्या एकामागून एक पाडल्या गेल्या, त्यांचे लाकूड विकले गेले. कारखाने मात्र त्याच नदीकाठी राहिले. कोको-प्रक्रियेसारखे उद्योग तेथे आजही आहेत. अखेर १९२५ मध्ये 'डे झान्से मोलन' ही जतनसंस्था स्थापन झाली आणि १९२८ मध्ये कोख आन डे झान येथे तिचे चक्की-संग्रहालय उघडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी, रस्ते व कारखाने यांच्या विस्तारात जुनी लाकडी घरेही नाहीशी होऊ लागली. वास्तुरचनाकार याप स्खिपर यांच्या आराखड्यानुसार, पाडली जाण्याची शक्यता असलेल्या इमारती उचलून एका ठिकाणी आणण्याची योजना आखण्यात आली. १९६१ पासून घरे रस्त्याने व पाण्याने येथे आणण्यात आली. १९७२ मध्ये राणी युलियाना यांच्या हस्ते या वसाहतीचे औपचारिक उद्घाटन झाले.

चक्क्यांचा इतिहासही असाच आहे. तेलाचा घाणा असलेली 'डे झुकर' ही सतराव्या शतकातील चक्की १९६८ मध्ये येथे हलविण्यात आली. 'डे खेक्रोंडे पुलेनबर्ख' ही करवतीची चक्की १९६३ मध्ये आली. 'डे काट' या रंगाच्या चक्कीच्या जुन्या पायावर १९६० मध्ये 'डे डाउनयाखर' या दुसऱ्या चक्कीचा वरचा भाग बसविण्यात आला. 'हेत योंगे स्खाप' ही मूळची १६८० ची करवतीची चक्की १९४२ मध्ये पाडण्यात आली होती. पाडण्यापूर्वी घेतलेल्या मोजमापांच्या आधारे तिची नवी प्रतिकृती २००७ मध्ये पूर्ण झाली. तात्पर्य, येथे मूळ, स्थलांतरित, जोडलेले आणि नव्याने बांधलेले असे चारही प्रकार शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांना सरसकट 'बनावट' ठरविणे अन्यायाचे होईल, कारण स्थलांतर झाले नसते तर यांतील बरेच काही उरलेच नसते. परंतु सरसकट 'प्राचीन' म्हणणेही इतिहासाला धरून नाही.

एकदिवसीय भेटीची मांडणी

ॲमस्टरडॅमच्या मध्यवर्ती स्थानकातून लोकल रेल्वेने सुमारे वीस मिनिटांत झानडाइक-झान्से स्खान्स या स्थानकावर पोहोचता येते. तेथून पूल ओलांडून पंधरा मिनिटांची पायपीट आहे. पर्यटकांच्या बसगाड्या येण्यापूर्वी, सकाळी लवकर पोहोचणे हितावह ठरते. वारा अनुकूल असेल तर कारखान्यांतील कोकोचा वास स्थानकाच्या परिसरातच येतो. हा प्रदेश कारखानदारीचा आहे, याची ती पहिली साक्ष होय.

भेटीचा क्रम दुकानांपासून नव्हे, तर १९९८ मध्ये उघडलेल्या झान्स संग्रहालयापासून सुरू करावा. परिसराचा औद्योगिक इतिहास तेथे समजतो. त्यानंतर करवतीच्या दोन चक्क्या एकापाठोपाठ पाहाव्यात. 'योंगे स्खाप'मध्ये केवळ माथ्यावरची टोपी वाऱ्याच्या दिशेने फिरते, तर 'पुलेनबर्ख'मध्ये अख्खी चक्की फिरते. एकाच गरजेची ही दोन तांत्रिक उत्तरे आहेत. पुढे 'डे काट'मध्ये रंगद्रव्ये दळणारे अवजड दगड पाहताना या व्यवसायाच्या भरभराटीच्या काळात रंगाचे लाकूड कोठून येई, हा प्रश्न विचारावा. शेवटी 'डे झुकर'मध्ये जावे. तेथे बी प्रथम उभ्या फिरणाऱ्या दगडांखाली भरडले जाते, मग गरम करून पाचरींवर घणाचे घाव घालून त्यातील तेल काढले जाते. बैलघाणा पाहिलेल्या भारतीय प्रवाशाला ही प्रक्रिया परकी वाटणार नाही. फरक शक्तीच्या स्रोताचा व घणाच्या आवाजाचा आहे. त्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बहिरेपण येई.

दुपारनंतर कोख आन डे झान येथील चक्की-संग्रहालय किंवा झानडाममधील झार पीटरचे घर पाहता येते. दोन्ही पाहण्याच्या घाईत चक्क्यांचा वेळ कमी करू नये. चक्क्यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात आणि पाती फिरणे वाऱ्यावर अवलंबून असते, याची खात्री आधी करून घ्यावी. मे महिन्यातील दुसऱ्या शनिवार-रविवारी 'राष्ट्रीय चक्की दिन' असतो, तेव्हा देशभर अनेक चक्क्या चालू ठेवल्या जातात. दोन दिवस उपलब्ध असल्यास किंडरडाइक येथील १९ चक्क्या अवश्य पाहाव्यात. १९९७ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेल्या त्या चक्क्या पाणी उपसण्यासाठी होत्या व मूळ जागीच आहेत. दोहोंच्या तुलनेतून 'पवनचक्की' या एका शब्दात किती भिन्न व्यवस्था सामावल्या आहेत हे स्पष्ट होते.

पर्यटनातून उद्भवलेले प्रश्न

झान्से स्खान्समधील घरांत आजही कुटुंबे राहतात. २०२४ मध्ये येथे सुमारे २६ लाख पर्यटक आले. अंगणात शिरणे, खिडकीतून आत डोकावणे, छायाचित्रे घेणे यांचा रहिवाशांना उपद्रव होतो. लाकडी चक्क्यांची देखभालही अतिशय खर्चिक आहे. या पार्श्वभूमीवर २०२६ पासून बाहेरील पर्यटकांकडून १७.५० युरो प्रवेशशुल्क घेण्याची नगरपालिकेची योजना २०२५ मध्ये चर्चेत आली. दुकानदारांनी तिला विरोध केला. यामागील प्रश्न केवळ पैशाचा नाही. शुल्क न घेतल्यास वारसा झिजतो. शुल्क घेतल्यास राहते गाव तिकिटाचे प्रदर्शन बनते. झार पीटरला बघ्यांच्या गर्दीमुळे झानडाम सोडावे लागले होते. आज त्याच प्रदेशातील रहिवाशांवर तशी वेळ येत आहे.

येथे आणखी एक बाब लक्षणीय आहे. चक्की टिकवायची तर ती चालविणारा माणूसही टिकवावा लागतो. चक्की चालविण्याचे डच कौशल्य २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समाविष्ट झाले, ते यासाठी. चक्कीवाल्याशी दहा मिनिटे बोललेला प्रवासी, केवळ तिचे छायाचित्र घेणाऱ्यापेक्षा अधिक काही घेऊन परततो.

निष्कर्ष

झान्से स्खान्स हे गोठलेले सतरावे शतक नसून, विसाव्या शतकाने आपल्या औद्योगिक भूतकाळाची केलेली निवड आहे. या निवडीत यंत्रे, घरे व रंग उरले. घणाच्या आवाजाने बहिरा झालेला कामगार, रास्पहाउसमधील कैदी आणि समुद्रापारचा कच्चा माल मात्र सहज दिसत नाहीत. ते पाहण्याची जबाबदारी भेट देणाऱ्यावर येते. इतिहासाच्या अध्यापकाने अशा स्थळाच्या भेटीची आखणी करताना वेळापत्रकाबरोबरच प्रश्नांचीही यादी करणे आवश्यक आहे : ही वास्तू मूळची कोठली, ती येथे का आली, तिच्यात कोण राबत होते आणि तिचा खर्च आज कोण उचलतो? एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे शोधण्यात दिवस गेला, तर तो सत्कारणी लागला असे म्हणता येईल.