चुलीपुढचा उजेड

दिव्यांचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे तो बहुधा रस्त्यावरून सुरू होतो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले, इत्यादी. हा इतिहास खोटा नाही. पण तो अपुरा आहे. घरातले अत्यंत बारकाईचे काम जेथे रोज दोन वेळा चालते, त्या स्वयंपाकघरात उजेड केव्हा व कसा पोहोचला, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नसतो. आज आम्ही तोच विचारणार आहोत.

आमच्या जुन्या घरांची ठेवण पाहा. पुढे ओसरी, मग माजघर, आणि त्याच्या आत स्वयंपाकघर. जसजसे आत जावे तसतसा उजेड मावळत जाई. खिडकी असलीच तर हातभर. धुराला वाट कौलांच्या फटींतून. भिंती काजळून काळ्या होत, आणि काळी भिंत आपल्यावर पडलेला उजेड गिळून टाकते. अशा स्थितीत चुलीतला जाळ हाच मुख्य दिवा. पण ज्याच्या उजेडात पाहावयाचे त्याच्याच धुराने डोळे भरून येत. जोडीला पणती असे. परंतु करडई, तीळ, करंज यांची तेले दाट असतात. ती वातीतून फार उंच चढत नाहीत. म्हणूनच पणतीची काय किंवा समईची काय, ज्योत तेलाच्या अगदी लगत असते. देव्हाऱ्यात ती शोभते. तांदळातला खडा दाखविण्यास मात्र ती पुरी पडत नाही.

१८५९ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया प्रांतात ड्रेक याने जमिनीत भोक पाडून खनिज तेल काढले, आणि पुढील काही दशकांत घासलेट आमच्या खेड्यापाड्यांतून येऊन पोहोचले. हे तेल पातळ. वातीतून सहज वर चढणारे. ज्योतीवर काच बसविली की हवेचा ओढा वाढतो आणि ज्योत स्वच्छ जळते. येथे सुधारणेची संधी होती. पण पुष्कळ घरांत काचेचा कंदील ओसरीवर टांगला गेला, आणि स्वयंपाकघराच्या वाट्याला बिनकाचेची पत्र्याची चिमणी आली. तिने उजेड थोडा वाढविला, काजळी पुष्कळ वाढविली, आणि पदर पेटण्याचे एक नवे भय घरात आणले.

याच काळातली दुसरी एक सुधारणा फारशी कोणी सांगत नाही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. सारख्या मापाचे कौल आले, म्हणून त्याच मापाचे काचेचे कौलही छपरात बसविता येऊ लागले. चुलीच्या वर असे एक कौल बसविले की दिवसा तेल न जाळता उजेड मिळे. अट एकच: ते आतून वरचेवर पुसले पाहिजे, नाहीतर धुराने तेही आंधळे होई.

पुढे वीज आली. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत्केंद्र १९१५ साली सुरू झाले, कोयनेची वीज १९६२ साली वाहू लागली. तथापि घरात वीज येणे निराळे आणि चुलीपुढे उजेड येणे निराळे. एका दिव्यात दोन खोल्या भागविण्यासाठी दारावरच्या झरोक्यात बल्ब लावण्याची युक्ती अनेकांनी पाहिली असेल. तो बल्ब स्वयंपाक करणारीच्या पाठीमागे राही, आणि तिचीच सावली पातेल्यावर पडे. पुढे उभ्याचा ओटा झाला, ट्यूब आली. पण ट्यूबही पुष्कळदा पाठच्याच भिंतीवर! निळा प्रकाश देणाऱ्या डायोडच्या शोधासाठी २०१४ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधातून आलेला ९ वॅटचा एलईडी दिवा आता जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो. म्हणजे खर्चाची सबब उरलेली नाही. सावली मात्र अनेक घरांत अजून तशीच आहे.

तेव्हा इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो, की दिवा बदलल्याने काम अर्धेच होते. त्याची जागा बदलावी लागते. दिवा ओट्याच्या वर, काम करणाऱ्याच्या पुढे असावा. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले तर उजेड चौपट होतो, हे साधे गणित आहे. भिंतीला पांढरा हात द्यावा, आणि दिव्यावरचा तेलकट थर आठवड्यास एकदा पुसावा.

यांतले भारी खर्चाचे काहीच नाही. मग इतकी वर्षे का लागली? दिवा कोठे लावावयाचा हे ठरविणारा आणि त्या उजेडात काम करणारी, ही दोन माणसे निराळी होती म्हणून. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने रात्री एकदा ओट्यापुढे उभे राहून विळी, सुरी हाती घ्यावी आणि आपली सावली कोठे पडते ते पाहावे. पुढचे व्याख्यान ती सावलीच देईल.