वाटी बदलण्याआधी

छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या एखाद्या घरात इंडियन संडास फुटू लागला, भिंतीला स्टीलचा दांडा ठोकला गेला, की शेजारीपाजारी समजून जातात: आजींच्या वाट्या बदलायच्या आहेत. सगळे 'वाट्या'च म्हणतात. खरं तर वाटी कोणी काढून टाकत नाही. फार तर तिला आतून अस्तर लावतात. मांडीच्या हाडाच्या झिजलेल्या टोकावर धातूची टोपी, नडगीवर धातूची बैठक आणि मधे पॉलिथिलीनची चकती, एवढाच तो 'नवा गुडघा'.

ही कल्पना जुनी. बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लस ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंताची बिजागरी गुडघ्यात बसवली. धाडस अफाट, पण रुग्ण क्षयाने सांधे पोखरलेले. बिजागरी सुरुवातीला हलायची. आत दबा धरून बसलेला संसर्ग मात्र पुढे तिला टिकू देईना. म्हणूनच आज डॉक्टर गुडघ्याआधी किडकी दाढ दाखवून या म्हणतात, लघवी तपासतात, तीन महिन्यांची शुगर बघतात, तेव्हा आजोबा कुरकुरतात: "दुखतो गुडघा आणि बघतात दात!" कुरकुर स्वाभाविक आहे, पण दातातला किंवा लघवीतला जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो.

आजच्या गुडघ्याचा आराखडा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी बसवला. त्यांतले एक मूळचे भारतीय, डॉ. चित्तरंजन राणावत. त्यांनीच ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. एरवी मोठ्या दवाखान्यांत राहिलेला 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द त्या बातम्यांनी घरोघरी नेला.

मराठवाड्याला मात्र मोठा दवाखानाच उशिरा मिळाला. हा भाग हैदराबाद राज्यात होता, तेव्हा मेडिकल कॉलेज म्हटलं की हैदराबाद. शहरातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, १९५६ सालचं. नंतर खासगी रुग्णालयं आली, तरी खर्च आ वासून उभाच होता. कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या सांध्याला सरासरी १,५८,३२४ रुपये पडत, त्याची कमाल किंमत ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने ५४,७२० रुपयांवर आणली, जीएसटी वेगळा. दवाखान्याचं बिल अर्थात तेवढ्यावर थांबत नाही.

पण इथली खरी तयारी घराची. उकिडवं बसून खुरपणी, चुलीपुढे बसून भाकरी, जमिनीवर पंगत, पाटावर पूजा: सगळा दिवस गुडघे मुडपून. ओटा आला, टेबल आलं, तरी देवघर आणि संडास खालीच राहिले. म्हणून आता देवघर चौरंगावरून कपाटावर चढतं, पाय अडकेल ती सतरंजी गुंडाळली जाते, हात असलेली उंच खुर्ची येते. रोज पलंगावर पाय पसरून टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच मोजायचं, सोडायचं. मांडीचा स्नायू आधीच जागा केला, तर वॉकर धरून उठणं सोपं जातं.

आणि कमोड बसवायचा असेल तर ऑपरेशनच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी बसवून घ्या. वॉकर धरून गवंड्याची वाट बघणं फार अवघड असतं.