पिस्तुलाची नोंद

युरोपच्या नकाशावर बेलारूस दाखवायला मला वर्गात फार वेळ लागत नाही. पोलंड आणि रशिया यांच्या मधोमध छडी टेकवायची, राजधानी मिन्स्क म्हणून सांगायचे आणि पुढे सरकायचे. पण तेथल्या एका पोलीस अधिकाऱ्याची हकीकत वाचनात आली आणि तेव्हापासून छडी त्या जागी जरा रेंगाळते. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायची ही गोष्ट नव्हे, हे मला कळते, तरी सांगतो.

युरी झाखारेन्को यांचा जन्म १९५२ सालचा, गोमेल प्रांतातला. सोव्हिएत अमदानीत ते पोलीस तपासाचे काम शिकले आणि हुद्द्यांच्या पायऱ्या चढत गेले. १९९४ साली अलेक्झांडर लुकाशेन्को राष्ट्राध्यक्ष झाले व त्यांनी झाखारेन्कोंना गृहमंत्री नेमले. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, संसदेच्या सभागृहात उपोषणाला बसलेल्या विरोधी सभासदांना रात्री सशस्त्र जवानांनी मारझोड करून बाहेर काढले. त्या रात्री गृहमंत्री झाखारेन्कोच होते. पुढे जे झाले त्यामुळे माणसाला देवत्व देण्याचा मोह होतो, म्हणून हे पान मुद्दाम उघडून ठेवतो.

१९९५ च्या ऑक्टोबरात त्यांना मंत्रिपदावरून दूर केले. मग ते विरोधी पक्षात शिरले आणि माजी अधिकाऱ्यांचा एक संघ बांधू लागले. सत्ताधाऱ्यांना खुपले असेल तर ते हेच, असे मला वाटते. कवी-प्राध्यापकांच्या सभांना कोणी फारसे भीत नाही. गणवेश घातलेली माणसे एकत्र येऊ लागली की झोप उडते.

मूळ घटनेप्रमाणे लुकाशेन्कोंची मुदत १९९९ मध्ये संपत होती; १९९६ च्या सार्वमताने ती लांबवली गेली. विरोधकांनी ते न मानता मे १९९९ मध्ये आपली स्वतंत्र निवडणूक मांडली. तिचे मतदान चालू असतानाच, ७ मेच्या रात्री, झाखारेन्को मोटार ठेवून पायी घराकडे निघाले. घरी ते पोहोचलेच नाहीत. सप्टेंबरात त्या निवडणुकीचे सूत्रधार विक्टर हंचार आणि त्यांचे स्नेही अनातोल क्रासोव्स्की हेही असेच नाहीसे झाले.

आता पिस्तुलाकडे येतो. बेलारूसमध्ये फाशी देत नाहीत, गोळी घालतात. मिन्स्कच्या तुरुंगाचे त्या वेळचे प्रमुख ओलेग अल्काएव पुढे देश सोडून गेले. त्यांनी सांगितले की, देहदंडाचे पिस्तूल ३० एप्रिल १९९९ रोजी गृहमंत्र्यांच्या हुकमावरून बाहेर नेले गेले आणि १४ मे रोजी परत आले. पुन्हा १६ सप्टेंबरला गेले, १८ ला आले. हंचार आणि क्रासोव्स्की नाहीसे झाले ते १६ सप्टेंबरलाच! हत्यार नेल्या-आणल्याची नोंद ठेवायची, एवढाच त्या माणसाचा शिरस्ता. तेवढ्या शिरस्त्याने केवढे दार उघडले!

खात्यातही सगळेच गप्प बसले नव्हते. नोव्हेंबर २००० मध्ये गुन्हेशाखेचे प्रमुख लोपातिक यांनी मंत्र्यांना हाताने लिहून अहवाल दिला आणि राष्ट्राध्यक्षांच्या निकटच्या वर्तुळाकडे बोट दाखवले. पोलिसांच्या खास तुकडीचा प्रमुख अटकेत गेला. पण थोड्याच दिवसांत तो सुटला आणि सरकारी वकिलांचे मुख्य व गुप्तहेर खात्याचे प्रमुख मात्र पदावरून गेले. युरोप परिषदेच्या चौकशीने २००४ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. सरकारने सारे नाकारले.

झाखारेन्कोंच्या पत्नीने मुलींसह जर्मनीत आश्रय घेतला. २०१९ मध्ये त्या खास तुकडीतला एक माजी जवान, युरी हाराव्स्की, पुढे आला आणि तिघांच्याही अपहरणात आपण होतो, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, असे बोलला. स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन गावी २०२३ साली त्याच्यावर खटला चालला. त्याच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात. म्हणून त्याचा सहभाग सिद्ध होत नाही असे ठरवून न्यायालयाने त्याला सोडून दिले. नुसत्या कबुलीवर खटला उभा राहत नाही, हे तपासनीस झाखारेन्कोंनाही ठाऊक असणार.

त्यांची मुलगी त्या खटल्यात फिर्यादी होती. तिच्या वडिलांचा देह अजून सापडलेला नाही.