मुलांचे सामाजिक वर्तन : हितकारक आणि अपायकारक

मुलांच्या सामाजिक वर्तनाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. मदत करणे, वाटून घेणे, दुःखी मित्राला धीर देणे हे हितकारक वर्तन होय. मारहाण करणे, धमकावणे, अफवा पसरवणे, एखाद्याला मुद्दाम गटाबाहेर ठेवणे हे अपायकारक वर्तन होय.

मदतीची ओढ फार लहान वयात दिसते. जर्मनीतील लाइपझिग येथील फेलिक्स वारनेकेन व मायकेल टोमासेलो यांचे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाचा चिमटा खाली पडला आणि त्याचा हात पोहोचेना, असे प्रसंग त्यांनी १८ महिन्यांच्या मुलांपुढे घडवून आणले. बहुतेक मुलांनी बक्षीस वा शाबासकीविना निदान एकदा तरी मदत केली.

परंतु मुले मोठ्यांचे अनुकरणही करतात. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ सालच्या प्रयोगात, प्रौढ व्यक्तीला बाहुल्याला मारताना पाहिलेल्या मुलांनी तेच केले. म्हणून घरातील आपले बोलणे-वागणे हाच मुलांचा पहिला धडा असतो.

प्रत्येक भांडण म्हणजे दादागिरी नव्हे. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेयस यांच्या मते, हेतुपुरस्सर व वारंवार दिलेला त्रास आणि सामर्थ्यातील विषमता ही दादागिरीची लक्षणे आहेत. फिनलंडमध्ये ख्रिस्तिना साल्मिवाल्ली व सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले की, अशा प्रसंगी वर्गातील इतर मुलांचाही वाटा असतो. कोणी साथ देतो, कोणी हसून चेतवतो, कोणी अलिप्त राहतो, तर कोणी पीडिताची बाजू घेतो. बघ्यांचे मौन त्रास देणाऱ्याचे बळ वाढवते.

किशोरवयातील प्रत्येक बंडखोरी चिंताजनक नसते. टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडल्यानुसार, बहुतेकांचे गैरवर्तन त्या वयापुरतेच असते. थोड्या मुलांमध्ये मात्र ते बालपणीच सुरू होऊन पुढे टिकते. त्यांना लवकर मदत मिळणे अगत्याचे आहे.

मूल शाळेत जायचे टाळू लागले, वारंवार पोटदुखीची तक्रार करू लागले, त्याच्या वस्तू हरवू लागल्या, तर आपण प्रथम शांतपणे ऐकून घ्यावे. ‘तूही दोन ठेवून दे’ हा सल्ला टाळावा आणि शिक्षकांना भेटावे. आपलेच मूल त्रास देत असेल, तर त्याचे समर्थन करू नये, मारूही नये. झालेली हानी भरून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक मुलाला पाठ असावा.

‘आज किती गुण मिळाले?’ असे आपण रोज विचारतो. त्याबरोबर ‘आज एकटे कोण बसले होते?’ असेही विचारू या.