मुळशीचे घाट आणि अंतराची मोजदाद

पुणे आणि कोकणातील माणगाव यांच्यामधील सरळ रेषेतले अंतर सुमारे ७० किलोमीटर असून प्रवासी विमानाच्या नेहमीच्या वेगाने ते पाच-सहा मिनिटांत ओलांडता येईल; मात्र पौड, मुळशी आणि ताम्हिणी घाटातून जाणारा गाडीरस्ता शंभर किलोमीटरहून अधिक भरतो. हा फरक सह्याद्रीच्या कड्याने निर्माण केला आहे आणि मुळशी तालुक्याचा इतिहास बऱ्याच अंशी त्यानेच घडवला आहे.

जुन्या काळी अंतर कोसात, म्हणजे साधारण तीन किलोमीटरच्या मापात, सांगत असले, तरी प्रवासाचे खरे माप मजल हे होते. मजल म्हणजे एका दिवसात होणारी वाटचाल; साहजिकच ती सपाटीवर लांब, तर घाटात आखूड पडे. घाटमाथ्यावरून तळकोकणात उतरणाऱ्या वाटाही एकसारख्या नव्हत्या. काही लादलेल्या बैलांना चालतील अशा होत्या, तर काही नाळेच्या, म्हणजे पावसाच्या पाण्याने कोरलेल्या, दगडगोट्यांनी भरलेल्या घळीच्या, होत्या आणि त्या केवळ पायी माणसाच्या उपयोगाच्या होत्या. तैलबैल्याजवळून उतरणारी वाघजाई घाटाची वाट ज्या ठाणाळे लेण्यांच्या परिसरातून जाते, ती लेणी इसवी सनापूर्वीची मानली जातात. त्यावरून या दळणवळणाचे प्राचीनत्व ध्यानात येते. पुढील काळात कोकणातले मीठ याच वाटांनी देशावर चढत असे, आणि माथ्यावरच्या घनगड, कोरीगड या किल्ल्यांवरून या हालचालीवर नजर ठेवता येत असे.

इंग्रजी अमलात हे चित्र पालटले. १८३० मध्ये बोरघाटातून चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली. त्यामुळे पुणे आणि मुंबई ही शहरे काही तासांच्या अंतरावर आली, व्यापार त्या मार्गाकडे वळला आणि मुळशीच्या वाटा मुख्यतः स्थानिक वापरापुरत्या उरल्या.

यापुढचा बदल अधिक कठोर होता. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, अडवलेले पाणी पश्चिमेकडे सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथे सोडायचे आणि त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. तिच्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला आणि पांडुरंग महादेव बापट यांनी पुढे त्याचे नेतृत्व केले. ‘सेनापती’ ही त्यांची ओळख याच लढ्यातली. लढा १९२४ पर्यंत चालला, तथापि धरण थांबले नाही, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. खोऱ्यातली भातखाचरे, घरे आणि गावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा जलाशयाखाली गेल्या, समोरासमोरच्या वस्त्यांमध्ये पाण्याचा विस्तार आला आणि पायी जाणाऱ्याला काठाने वळसा घेणे भाग पडले.

म्हणून वाहतुकीच्या इतिहासात केवळ वाचलेल्या तासांची नोंद पुरेशी ठरत नाही. मुंबईला वीज मिळाली हे खरेच, परंतु त्यासाठी मुळशीकरांनी आपली जमीन गमावली आणि त्यांच्या गावागावांतले अंतर वाढले. महाराष्ट्राच्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळणे अन्यायाचे आहे.